नांगराची साखळी

प्रशांत महासागरातील मार्केसास द्वीपसमूहात नुकू हिवा नावाचे बेट आहे. गालापागोस सोडून सुमारे ३००० सागरी मैल शिडाच्या छोट्या नौकेतून पार केलेली कुटुंबे तेथील ताइओहाए उपसागरात नांगर टाकतात. समोर किनाऱ्यावर नोत्र दाम कॅथेड्रल उभे आहे.

या दर्यावर्दींच्या मुक्कामाची वर्णने मी आवडीने वाचतो. त्यांत साहस थोडे, घरकाम फार! फाटलेले शीड शिवायचे, छोट्या होडीतून गोडे पाणी आणायचे, कपडे धुवायचे. मात्र शेजारी नवी नौका आली की एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: साखळी किती सोडली? नांगर केवळ वजनाने धरत नाही. खोलीच्या पाचेक पट साखळी सोडली, तरच ओढ आडवी बसून तो तळात रुततो. वारा फिरला की प्रत्येक नौका आपल्या नांगराभोवती फिरते. म्हणून शेजाऱ्याची साखळी ठाऊक असावी लागते. रात्री कोणाचा नांगर घसरू लागलाच, तर जो जागा असेल तो हाक देतो.

आपली घरे पक्की, कुंपणे त्याहून पक्की. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यास मी जातो. मुले परदेशी असलेली एक वृद्ध माता म्हणाली, “फादर, मागच्या शुक्रवारनंतर आज तुम्हीच आलात.” भिंतीपलीकडे भरले घर होते.

हिब्रूंस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. तो नांगर प्रभू देतो. घसरताना हाक देणे मात्र त्याने शेजाऱ्यावर सोपवले आहे.