बशीतला भुरका

आमचे अण्णा चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायचे. गणपतीत दाराशी ढोलताशे कितीही घुमले तरी माझं काही बिघडायचं नाही. पण तो भुरका ऐकला की छातीत धडधड आणि असा संताप, की बशी हिसकावून फेकावी. एकदा न राहवून मीही तोंडानं तसाच भुरका काढला. क्षणभर हायसं वाटलं. लगेच आईचा धपाटा बसला, "बापाला वेडावतेस?"

लग्नानंतर आवाज बदलले, संताप तोच. नवऱ्याचं भडंग, सासूबाईंच्या कवळीची टकटक, ऑफिसात शेजारणीचं च्युइंगगम. "नखरे फार हिचे," हे माहेरी-सासरी दोन्हीकडे ऐकलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, तर कान ठणठणीत. साधे आवाजही सोसवेनासे मोठे वाटतात तो हायपरअक्युसिस. चेहऱ्याची नस दुखावून कानातला चिमुकला स्नायू लुळा पडला की तसं होऊ शकतं. माझं दुखणं निराळं, मिसोफोनिया. २००१ मध्ये पावेल आणि मार्गारेट यास्ट्रेबॉफ या दांपत्यानं त्याला हे नाव दिलं.

इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. चावण्याच्या आवाजानं इन्सुला नावाचा भाग वाजवीपेक्षा जास्त चाळवतो आणि नाडी वाढते, हे २०१७ मध्ये दिसलं. २०२१ मधला निष्कर्ष वाचून मात्र मी थबकले. ऐकण्याच्या केंद्राचं काम चारचौघांसारखंच. पण आवाज कानी पडताच जीभ-जबडा-ओठ हलवणारा भाग जागा होतो. म्हणजे चावतो समोरचा आणि मेंदूपुरतं तोंड चालतं माझं! नक्कल केली की काहींना बरं वाटतं, ते गेलेला ताबा परत मिळाल्यामुळे असावं, असा संशोधकांचा कयास आहे. माझं भांडण माणसाशी नव्हतंच. न विचारता माझ्या तोंडात शिरणाऱ्या त्याच्या घासाशी होतं.

कानात बोळे घालणं मी सोडलंय. कान सतत बंद ठेवले की मेंदू बारीकसा आवाजही वाढवून ऐकू लागतो. त्यापेक्षा जेवताना पंखा मोठा करायचा, रेडिओ लावायचा. नवऱ्याला हे सगळं समजावून सांगितल्यापासून भडंगाची वाटी घेऊन तो आपणहून गच्चीत जातो. मलाच वाईट वाटतं. त्याला नाही, तिथे त्याला हवं तेवढं कुडुमकुडुम करता येतं.