भाऊंचं दुकान

कॉलेज सुटलं की मैत्रिणी बसथांब्याकडे वळतात आणि मी नवी पेठेकडे. तिथल्या एका साड्यांच्या दुकानात दुपारी दोन ते रात्री साडेआठ मी काम करते. दीड वर्ष झालं. वर्गात हे फारसं कुणाला ठाऊक नाही. लपवलं असंही नाही, कुणी विचारलंच नाही एवढंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई विड्या वळते. सोलापूरच्या आमच्या भागात यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि मजुरी हजारावर. बसून बसून तिची कंबर गेली आहे. मला काम लागलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, उभ्यानं करायचं काम आहे." पहिल्या आठवड्यात रात्री माझे पाय सुजलेले पाहिले आणि मग काही न बोलता तिने मिठाचं गरम पाणी आणून ठेवलं.

साड्यांच्या दुकानात असं काय मोठं काम असतं, असं तुम्हाला वाटेल. गिऱ्हाईक आलं की साडी उलगडायची, काठ दाखवायचे, पदर दाखवायचा, खांद्यावर टाकून आरशासमोर उभं करायचं. तीस साड्या उलगडून झाल्यावर "जरा फिरून येते हं" म्हणून बाई निघून गेल्या, की त्या तीसही मूळ घडीवर आणायच्या. घडी चुकली तर साडी खोक्यात बसत नाही. लग्नसराईत आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर पाणी प्यायलाही फुरसत नसते.

पण खरं सांगते, मला हे काम आवडतं. लग्नाच्या बस्त्याला पंधरा माणसं येतात. त्यांत शेवटचा शब्द कुणाचा, हे आता मी पाच मिनिटांत ओळखते. मोठ्यानं बोलणाऱ्याचा तो बहुधा नसतो. कोपऱ्यात पिशवी सांभाळत बसलेल्या मामाचा असतो. नवरीला कुठली साडी मनापासून आवडली हे तिच्या बोटांवरून कळतं. ती बोटं पुन्हा पुन्हा त्याच काठाकडे जातात. आणि देण्याघेण्यातल्या साड्या काढायची वेळ आली की मघाशी हजारांत बोलणारी हीच मंडळी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू लागतात. मनुष्यस्वभावाचं एवढं शिक्षण आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातही नाही. (बाईंनी रागावू नये.)

मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. माझं वेळापत्रक पाहून त्यांनी माझ्या वेळा ठरवल्या. पहिल्या वर्षाची फी त्यांनी उचल म्हणून दिली आणि ती अगदी बेताबेताने पगारातून कापली. पगार एक तारखेला हातात पडतो. एकदा एक बाई माझ्यावर ओरडल्या, तेव्हा भाऊ गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "मुलगी कॉलेजात शिकते, तिच्याशी नीट बोला." मला त्या क्षणी फार बरं वाटलं. रात्री घरी जाताना मात्र मनात आलं, कॉलेजात नसते तर?

आणि ते स्टूल! दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी वाचावं म्हणून भाऊंनी एक लाकडी स्टूल आणून काउंटरमागे ठेवलं. आमच्या ओळीतल्या दुकानांतल्या मुली ते पाहायला येऊन गेल्या. पण आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी मावशी त्यावर कधी बसत नाही. मी उठून दिलं तरी नाही. "ते तुझ्या अभ्यासाचं आहे," म्हणते आणि कपाटाला टेकून उभी राहते.

यंदा राज्यशास्त्राच्या तासाला सर कामगार कायद्यांविषयी सांगत होते. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी कामाच्या वेळी बसता यावं म्हणून लढा दिला, आणि २०१८ साली तिथल्या सरकारने कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तमिळनाडूनेही तसंच केलं. आपल्याकडे दुकानांसाठी २०१७ चा कायदा आला, पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून वगळलं गेलं. आम्ही सातजण आहोत.

दुकानात गेल्यावर मावशीला हे सांगितलं. ती हसली. "बसायला पण कायदा लागतो?" म्हणाली. थोड्या वेळाने घड्या घालता घालता आपणहून विचारलं, "त्या बायका किती जणी होत्या गं?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. भाऊ वाईट असते तर सगळं सोपं होतं. गेल्या दिवाळीत माझी सत्रपरीक्षा होती. भाऊंनी सुट्टी दिली, पगारही कापला नाही. मग वसुबारसेला त्यांचा फोन आला, "ये म्हणत नाही पोरी, पण जमलं तर बघ." दुसऱ्या दिवशी पेपर होता, तरी मी चार तास उभी राहून आले. शेजारच्या दुकानातली मुलगी तिच्या मालकाला सरळ "जमणार नाही" म्हणाली. तिच्यावर कसले उपकार नव्हते. दीड वर्षात माझा पगार सहा हजारांवरच आहे, आणि मावशीचा माझ्याहून फार जास्त नाही. ज्यांनी फी भरली त्यांच्याकडे वाढ मागायची कशी? भाऊ म्हटलं की पुढे मागणीचं वाक्य जुळत नाही, विनंतीचंच होतं.

पाडव्याला भाऊ सगळ्यांना पेढे देतात. त्या दिवशी बोलायचं ठरवलं आहे, पगाराचं आणि आणखी दोन स्टुलांचं. मावशीला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी स्टुलांचं काढ. पगाराचं ऐकून ते गप्प झाले, तर स्टुलं राहून जातील."