बोटीवरचा नळ

आमचे मेहुणे व्यापारी जहाजांवर अभियंता होते. निवृत्तीनंतर माणसे बाग करतात, नातवंडे खेळवतात किंवा संस्थांच्या निवडणुका लढवतात. त्यांनी पणजीजवळ मांडवीच्या पात्रात तीस फुटांची एक जुनी शिडाची बोट बाळगली आहे. आमच्या सौभाग्यवतींचे हे धाकटे बंधू असल्यामुळे त्या बोटीचे कौतुक आणि तिच्याविषयीची काळजी, दोन्ही आमच्या घरी आपोआप चालत आली. गोव्यात राहूनही आम्ही स्वतः पाण्याला भिऊन असणारे. तरीही त्या बोटीच्या स्वयंपाकघरात, ज्याला ते लोक गॅली म्हणतात, आमचे बरेच रविवार गेले आहेत.

गॅली म्हणजे आपल्या घरातल्या देवघराएवढी जागा. एक छोटी शेगडी, एक सिंक, त्यावर एक नळ. हा नळ मात्र घरच्या नळासारखा नव्हे. घरी नळ गळू लागला तर आपण खाली बादली ठेवतो, प्लंबरला निरोप धाडतो आणि चार दिवस त्याची वाट पाहतो. बोटीवरचे गोडे पाणी मोजके. या बोटीच्या टाकीत १२० लिटर मावते. धक्क्यावरच्या नळाशी वीस वीस लिटरचे कॅन भरायचे, लहान होडीतून बोटीपाशी न्यायचे, वर चढवायचे आणि टाकीत ओतायचे. म्हणजे सहा कॅन. ज्याने हे सहा कॅन एकदा वाहिले, तो माणूस पुन्हा कधी नळ सोडून दात घासत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मेहुण्यांनी मालवणला जायचे ठरवले. वरवर पाहता साधी सहल. पण तिच्यामागे एक न बोललेली गोष्ट होती. दीड वर्षापूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. उजवा हात थरथरतो. चहाचा कप ते हल्ली दोन्ही हातांनी धरतात. बोट विकावी, असे घरातल्या सगळ्यांचे मत, फक्त ते कोणी उच्चारीत नव्हते. भाची पुण्याहून नोकरीतली रजा काढून आली होती ती एवढ्यासाठीच, की बाबांची ही शेवटची फेरी असली तर आपण बरोबर असावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बोटीवर गेलो, तर टाकी रिकामी. बोटीचा तळ मात्र ओला, आणि विजेची बॅटरी पार उतरलेली.

हे कसे घडते, ते सांगितले पाहिजे. बोटीत गच्चीवरची टाकी नसते. बारा व्होल्टचा एक छोटा पंप नळ्यांत दाब धरून ठेवतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप चालू होतो. नळ बंद केला की दाब चढून तो आपला आपण थांबतो. सोय मोठी गोड आहे. पण नळ आणि गळती यांतला फरक त्या पंपाला कळत नाही. एखादी नळी फुटली की तो इमाने इतबारे पाणी ओढत राहतो, टाकी संपेपर्यंत. ते पाणी बोटीच्या तळाच्या पोकळीत, बिल्जमध्ये, साचते. तिथे दुसरा पंप बसलेला असतो. पाणी वाढले की तोही आपला आपण सुरू होतो आणि सारे बाहेर फेकतो. पहिल्या पंपाने टाकीतले पाणी तळात आणले, दुसऱ्याने ते मांडवीत सोडले, आणि दोघांनी मिळून बॅटरी खाल्ली. रात्री सगळे नळ बंद असताना पंपाची मधूनच गुरगुर ऐकू आली, तर समजावे की कुठेतरी पाणी झिरपते आहे. पण ती गुरगुर ऐकायला बोटीवर माणूस हवे; त्या रात्री कोणी नव्हते.

दोष सापडायला वेळ लागला नाही. सिंकखालचे कपाट रिकामे केले, कुकर, तवा, डाळींचे डबे बाहेर आले, आणि मागे विजेरीच्या उजेडात नळाची थंड पाण्याची नळी दिसली. पोलादी तारांच्या जाळीने विणलेली ही नळी आपल्या सर्वांच्या घरी असते. प्लंबर तिला ‘कनेक्शन’ म्हणतात. जाळीच्या तारा एके ठिकाणी तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतून आतल्या रबराचा फुगा बाहेर येऊन फुटला होता.

लोकांचा समज असा, की ती चमकदार जाळी शोभेची. वस्तुतः पाण्याचा दाब तीच सोसते. आतले रबर नुसते पाणी धरते. आणि ‘स्टेनलेस’ या शब्दावरही फार विसंबू नये. बाजारात सर्रास मिळते ते ३०४ जातीचे पोलाद खाऱ्या हवेत बारीक बारीक छिद्रांनी सडते. ३१६ जातीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते समुद्राकाठी अधिक टिकते, तेही सदासर्वकाळ नव्हे. इथे आणखी एक कारण जोडीला होते. नळी गरजेपेक्षा लांब असल्याने तिचा फास लोंबत होता, आणि सिंकच्या सांडपाण्याच्या नळीवरील क्लिपच्या धारदार शेपटावर तो घासत होता. नांगरलेली बोट कधी स्वस्थ नसते. समोरून कॅसिनोची किंवा रेतीची बोट गेली की ती डुलते, आणि प्रत्येक डुलण्याबरोबर एक घासणी.

मेहुणे सवयीने गुडघ्यांवर बसले, पाना हातात घेतला आणि कपाटात वाकले. पाना नटाला लागेना. दोनदा तो भांड्यासारखा खणखणत खाली पडला. आम्ही खिडकीतून पर्वरीचा पूल पाहू लागलो. अशा वेळी दुसरीकडे पाहणे हीच सभ्यता. तेवढ्यात भाची म्हणाली, “बाबा, तुमचे खांदे या दारातून जायचे नाहीत. मी शिरते, तुम्ही सांगा.” खांद्यांचा प्रश्न नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होते.

ती उताणी होऊन आत गेली. बाहेर फक्त पाय. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी पंपाचा खटका बंद. मग नळ उघडून उरलासुरला दाब जाऊ दे. गरम पाण्याची नळीही काढ. तिचे वयही तेवढेच आहे, एक बदलून दुसरी ठेवणे म्हणजे पुढच्या महिन्यात परत इथेच झोपणे. आवाज जुना, जहाजाच्या इंजिनघरातला. आम्ही कित्येक महिन्यांत तो ऐकला नव्हता.

जुन्या नळ्या घेऊन आम्ही बाजारात गेलो. नमुना बरोबर नेणे हा या कामातला पहिला नियम, कारण आट्यांचा हिशेब विलक्षण असतो. ‘अर्धा इंच’ म्हणतात त्या आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात एकवीस मिलिमीटरच्या जवळपास भरतो. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी नळाच्या पोकळीचे माप, ते नाव तेवढे मागे राहिले. आमच्या नळ्यांचे एक टोक असे, तर नळाच्या अंगात शिरणारे दुसरे टोक बारीक, दहा मिलिमीटरचे. पहिल्या दुकानदाराने दोन्ही टोके अर्ध्या इंचाची असलेली नळी पुढे केली आणि “हीच बसते हो,” असे ठामपणे सांगितले. दुसऱ्याने जुनी नळी हातात घेतली, काही न बोलता माळ्यावर चढला आणि नेमकी जोडी काढून दिली. लांबी साठ सेंटिमीटरची होती आणि पंचेचाळीसचीही. आम्ही पंचेचाळीसची घेतली.

बसवण्याचे काम काढण्यापेक्षा सोपे. बारीक टोकाला रबरी कडी असते; तिच्यावरच पाणी अडते, म्हणून ते हातानेच आवळायचे, पाना लावला की कडी चिरडते. रुंद टोकाच्या नटात वायसर असतो. पांढरी टेप कुठेच गुंडाळायची नाही. आम्ही टेपचे रीळ पुढे केले होते. मेहुणे म्हणाले, “भावोजी, ती घरी न्या.” क्लिपच्या शेपटावर भाचीने रबरी नळीचा तुकडा चिरून बसवला. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मेहुण्यांनी पाहिले, आणि काही बोलले नाहीत.

चहाच्या वेळी गोष्ट ‘म्हादेई’वर आली. पलीकडे दिवाडी बेटावर बांधलेली ती नौदलाची बोट. तीतून दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये चार बंदरे घेत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठल्याही बंदराला न लागता फेरी पुरी केली. “त्यांना कॅन भरायला धक्का कुठला?” भाची म्हणाली. “आपल्याकडे पायाने दाबायचा पंप असायला हवा, बाबा. पाय दाबाल तेवढेच पाणी. रात्री आपोआप काही जाणार नाही.” मेहुण्यांना विजेच्या पंपाचा अभिमान, त्यांनी तो स्वतः बसवला आहे. आमचे मत विचाराल तर आम्ही भाचीच्या बाजूचे. आपल्या किनाऱ्यावरची गलबते पिंपात पाणी घेऊन मलबारपर्यंत जात, आणि पिंपाला आपोआप चालणारे काहीच नसे.

संध्याकाळी सहा कॅन वाहिले. चार आम्ही, म्हणून आकडा लक्षात आहे. सिंकखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले. जोडातून एक थेंब जरी पडला तरी कागदावर डाग उमटतो. घरच्या गृहिणींनीही ही युक्ती करून पाहावी. पंप सुरू झाला, गुरगुरला, थांबला. मेहुणे घड्याळ धरून बसले. अर्धा तास आम्ही तिघे एका बंद पंपाकडे कान लावून होतो. कागद कोरडा.

बोटीच्या नोंदवहीत प्रत्येक दुरुस्ती त्यांच्या हातची आहे, ठळक, तिरप्या अक्षरांत. त्यांनी वही उघडली, पेन भाचीपुढे सरकवले. तिने तारीख घातली, नळ्यांची लांबी, आट्यांचे माप आणि जुन्या नळीचे कारण लिहिले. मग वही त्यांनी परत घेतली आणि खाली, बराच वेळ लावून, वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ भरली : ‘मालवणहून आल्यावर पायपंप आणणे.’