जन्मतारीख, गोपनीय अहवाल आणि सेनापतिपद

भारतीय भूदलातल्या सेनापतीची घडण विशीच्या आतच सुरू होते. अनेकांची वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जाते. तिथे तीन वर्षे आणि डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीत एक वर्ष काढल्यावर लेफ्टनंटचे दोन तारे खांद्यावर चढतात. पुढे दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होता येते. आवश्यक परीक्षा दिल्या आणि सेवा निष्कलंक राहिली, तर इथवरच्या बढत्या सेवाकाळाप्रमाणे मिळतात. तेरा वर्षांचा हा हिशेब अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर २००४ मध्ये आला. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर अधिक तरुण हवा, ही कारगिलच्या उंच डोंगरांतली शिकवण त्यामागे होती.

खरी चाळणी कर्नलपदापासून लागते. पूर्ण बॅच एकत्र निवड मंडळापुढे येते. उमेदवारांची नावे झाकून मंडळ त्यांच्या सेवेचा तपशील, पदके, अभ्यासक्रम आणि मुख्यतः गोपनीय अहवाल पाहते. पहिल्या खेपेस निवड झाली नाही, तर फेरविचाराच्या संधी असतात. पण त्या हुकल्या की पुढची दारे जवळजवळ बंद होतात. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम आणि पलटणीचे नेतृत्व कसे केले, या दोन गोष्टी इथे फार मोलाच्या ठरतात. ब्रिगेडियर, मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल या प्रत्येक पायरीवर पुन्हा नवे मंडळ बसते. जागा कमी होत जातात, म्हणून अत्यंत लायक अधिकारीही मोठ्या संख्येने वाटेतच थांबतात. त्याला त्या अधिकाऱ्यांचे अपयश समजणे अन्यायाचे आहे.

लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुखाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल तितकी असते. त्यामुळे शिखरावर पोचलेल्यांमध्येही जन्मतारीख निर्णायक ठरते. पुण्यात वाढलेले जनरल मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी प्रमुख झाले आणि वयोमर्यादेमुळे ३० एप्रिल २०२२ रोजी निवृत्त झाले. प्रबोधिनीच्या ५६ व्या कोर्सचे नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया एकाच काळात आपापल्या दलांचे प्रमुख होते. नरवण्यांनंतर आलेले नागपूरचे मनोज पांडे हे इंजिनिअर्स कोअरमधून प्रमुखपदी पोचलेले पहिले अधिकारी. त्यांची बॉम्बे सॅपर्स ही शाखा खडकीची. वयामुळे त्यांनाही पूर्ण तीन वर्षे मिळाली नाहीत, फक्त शेवटी एका महिन्याची वाढ मिळाली.

ज्येष्ठता हा संकेत आहे, कायदा नव्हे. १९८३ मध्ये सेवाज्येष्ठ लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून अरुणकुमार वैद्य यांना लष्करप्रमुख करण्यात आले आणि सिन्हांनी सेवा सोडली. वैद्य १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीर चक्र मिळवलेले रणगाडादलाचे अधिकारी होते; त्यांच्या लायकीबद्दल प्रश्नच नव्हता. तरीही अशा निवडीतून खालच्या पदांवर काय संदेश जातो, याचा विचार सरकारने करायलाच हवा. २०१६ मध्ये बिपिन रावत यांना दोन ज्येष्ठांच्या पुढे आणले गेले. पुढे १ जानेवारी २०२० रोजी तेच देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. त्यांच्या अपघाती निधनानंतर, २०२२ मध्ये नियम बदलून निवृत्त लेफ्टनंट जनरलही या पदासाठी पात्र ठरवले गेले आणि त्याच वर्षी अनिल चौहान नेमले गेले.

वैद्यकीय शाखेची वाट वेगळी आहे. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

गुप्तवार्ता क्षेत्रात शिडीच निराळी. भूदलाचे स्वतःचे गुप्तवार्ता कोअर आहे, त्याचे प्रशिक्षण पुण्यात होते. तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था कारगिलनंतर २००२ मध्ये उभी राहिली. इंटेलिजन्स ब्यूरो आणि रॉ यांचे नेतृत्व मात्र प्रामुख्याने पोलीस सेवेकडे राहिले. रामेश्वर नाथ काव पोलीस अधिकारी म्हणून सेवेत आले, ब्यूरोत घडले आणि १९६८ मध्ये रॉ स्थापन होताच तिचे पहिले प्रमुख झाले. १९७७ च्या सत्तांतरानंतर त्यांना पद सोडावे लागले. पंतप्रधानांचा विश्वास हीच या पदाची मुख्य पात्रता असल्यामुळे असे होणे अटळ होते. पोलीस सेवेच्या या नेतृत्वाला अपवादही आहेत: १९७७ नंतर रॉ सांभाळणारे नौशेरवान सुंतूक आधी नौदलात होते, तर २००३ पर्यंत प्रमुख असलेले विक्रम सूद टपाल सेवेतून आले.

या क्षेत्रातले लोक निवृत्तीनंतर अधिक प्रभावी ठरू शकतात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद १९९८ पासून आहे. ब्रजेश मिश्रा, जे. एन. दीक्षित आणि शिवशंकर मेनन परराष्ट्र सेवेतले, तर एम. के. नारायणन आणि २००४-०५ मध्ये ब्यूरोचे संचालक असलेले अजित डोवल पोलीस सेवेतले. यांत एकही सेनानी नाही, आणि सीमांवरचे प्रश्न पाहता ही उणीव गंभीर आहे.