हमेलियाचं देणं

माझी भाची न्यू जर्सीत असते. ऑक्टोबर लागला की तिचा फोन येतो, "मामी, आज एकही आला नाही गं." म्हणजे हमिंगबर्ड. तिच्या परसात लाल फीडर टांगलेला असतो, त्यात वाटीभर साखरेला चार वाट्या पाणी. फीडर राहू दिला तर पाखरं थंडीत अडकतील, अशी तिथं पुष्कळांना धास्ती असते. तसं होत नाही. दिवस लहान होऊ लागला की जेमतेम तीन ग्रॅमचं ते पाखरू भरल्या ताटावरून उठतं आणि त्यांतली कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात.

आमच्या वांगणीत शिंजीर. ते दूरदेशी जात नाहीत. जांभळा शिंजीर फार तर कपडे बदलतो. पावसाळा सरला की नराची निळी-जांभळी झळाळी उतरते, अंग पिवळट होतं आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. फोटो पाहून भाची म्हणाली, "हा टाय लावून कुठं निघालाय?"

तो माझ्या दारी आला नर्सरीवाल्या काकांमुळे. २०१९च्या जुलैत उल्हास नदी फुगली, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, प्रवाशांना बोटींतून काढलं. ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. काकांच्या रोपांच्या पिशव्या वाहून गेल्या, ते कोण दाखवणार? उरलीसुरली रोपं ते चिखलातून काढून धूत बसले होते. भाची मलाही फीडर पाठवणार आहे, असं मी सहज बोलले.

"साखरपाण्यावर मुंग्या पोसाल," म्हणत त्यांनी हमेलियाचं एक मरतुकडं रोप माझ्या हातात ठेवलं. पैसे घेईनात. "आधी जगू तर दे!"

जगलं. आता कुंपणापेक्षा उंच आहे, केशरी नळ्यांचे घोस वर्षातला बराच काळ लगडलेले. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. आमचा शिंजीर फांदीवर ऐसपैस बसून. पुढं कळलं की हमेलिया मूळचं अमेरिकेकडचं आणि तिकडं त्यावर हमिंगबर्डच येतात. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे फीडर मीच पाठवला!" काकांचं श्रेय मी तिला बरी देईन.

रोपाचे पैसे काकांनी आजवर घेतलेले नाहीत. मी त्यांच्याकडून दर पावसाळ्यात गरज नसताना दोन-चार रोपं नेते आणि, भाजीवालीशी रुपयासाठी हुज्जत घालणारी मी, तिथं घासाघीस करत नाही. त्यांना ते कळलंय. हल्ली मला भाव सांगताना आवंढाही गिळत नाहीत.