बेगमची वेणीफणी

मांजर ही पाळायची वस्तू आहे, हे माझ्या आईला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रथम कळले. कोकणातल्या तिच्या माहेरी मांजरे होती; पण ती कोणी पाळलेली नव्हती, ती नुसती असत. चुलीच्या उबेला निजत, उंदीर धरीत, दुधात तोंड घातले म्हणून चार शिव्या खात आणि वर्षाकाठी माळ्यावर पिले घालीत. मांजराचे केस रोज विंचरावे लागतात असे त्या घरात कोणी सांगितले असते, तर सांगणाऱ्याच्याच डोक्यावर तेल थापले गेले असते.

म्हणून २०१८ साली आमच्या कन्येने आपल्या पहिल्या बोनसातून एक पर्शियन पिलू पुण्याच्या आमच्या घरी आणले, तेव्हा आईने चष्मा पुसून विचारले, "हिचं नाक कुठं आहे?"

नाक होते, पण ते दोन डोळ्यांच्या मधोमध, कोणी अंगठ्याने दाबून बसवल्यासारखे. बाकी सगळा पांढरा कापूस. नाव ठेवले बेगम. किंमत मी इथे सांगत नाही. माझी पहिली स्कूटर तिच्यापेक्षा स्वस्त पडली होती, एवढे सांगतो. बरोबर वंशावळीचा एक कागदही आला. त्यात तिच्या तीन पिढ्यांची नावे होती. मला माझ्या पणजोबांच्या पलीकडचे नाव आठवत नाही.

वर्षभरात कन्या नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि बेगम आमच्या गळ्यात पडली. खोटे कशाला सांगू, मला ते आवडलेच. घरी पाहुणे आले की ही बाईसाहेब कोचाच्या पाठीवर शेपटीचा चवर पसरून बसे, आणि माझे व्याख्यान सुरू होई. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या रोमन प्रवाशाने १६२० साली इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे कसे कौतुक केले होते, हाच गृहस्थ पुढे १६२३ साली आपल्या गोव्यात कसा येऊन गेला, आणि इराणात वारलेल्या बायकोचे शव पेटीत घालून त्याने थेट रोमपर्यंत कसे नेले, हे सारे मी रंगवून सांगे. "यात मांजराचा संबंध संपला कुठं?" असे सौ. आतून विचारी. २००८ साली शास्त्रज्ञांनी रक्ताची नाती तपासली, तेव्हा आजच्या पर्शियन मांजरांचे गोत्र इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जवळचे निघाले, हे मात्र मी पाहुण्यांना सांगत नसे. नाव फारसी, रक्त विलायती, आणि मुक्काम पुण्याचा. फार उकरण्यात अर्थ नव्हता.

या जातीची चाकरी मोठी असते. चपट्या तोंडामुळे अश्रू वाहून नेणारी नळी वाकडी होते, म्हणून डोळे सदा पाझरतात. ते रोज ओल्या कापसाने पुसायचे. खोल वाटीतले तिला खाता येत नाही, पसरट बशी हवी. उन्हाळा सोसत नाही. माझ्या वडिलांनी ज्या खोलीत पंखासुद्धा एकवरच ठेवला, त्या खोलीत बेगमसाठी एअरकंडिशनर आला. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे केस. साध्या मांजराची जीभ हीच त्याची फणी. पण या मांजरांच्या लांब केसांच्या मुळाशी दाट, मऊ लव असते. ती जिभेला आवरत नाही. चाटताना गिळलेल्या केसांचा पोटात गोळा होतो आणि रात्री दोन वाजता तो सतरंजीवर बाहेर येतो. माणसाने हौसेने हे केस पिढ्यान्पिढ्या वाढवत नेले, तेव्हा ते विंचरण्याचे काम माणसाकडेच आले, हे उघड आहे.

ते काम माझ्याकडे होते, आणि मी ते करीतही होतो. रोज सकाळी चहा झाला की पोलादी फणी घेऊन पाठीवरून दहा वेळा, शेपटीवरून चार वेळा. केस कसे चमकत! पोटाला आणि काखेला हात लावला की ती गुरगुरे, म्हणून तिकडे मी जात नसे. पाहुण्यांना काही पोट दिसत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात कन्येचे लग्न झाले. महिनाभर घरात पत्रिका, आहेर आणि आचारी यांखेरीज विषय नव्हता. बेगम पलंगाखाली जाऊन बसू लागली. उचलले की ओरडे. पाणीही जरा जास्त पिई; उन्हाळाच होता. "गर्दी खपत नाही महाराणींना," असे म्हणून आम्ही हसलो. लग्न आटोपल्यावर एकदा तिला मांडीवर उलटी धरली आणि बोटे आत घातली, तर काखेत, पोटावर, मांड्यांच्या आत केसांचा नुसता नमदा झाला होता. गाठ गाठीत अडकून कातडीपर्यंत पोचली होती. तिने पाऊल टाकले की कातडी ओढली जात असणार. मी घाईने कात्री घेतली. ही चूक कोणी करू नये. मांजराची कातडी पातळ असते, आणि गाठ उचलली की तंबूसारखी तीही वर उचलली जाते. रक्त आले. बेगमने मला बोचकारले नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

डॉक्टरांनी तिला गुंगीचे औषध देऊन यंत्राने सारे केस उतरवले. तासाभराने त्यांनी टॉवेलात गुंडाळून जे माझ्या हाती दिले, ते मी ओळखले नाही. फासळ्या मोजाव्यात असा एक गुलाबी, हाडकुळा जीव. एरवी चार किलोंची बेगम अडीच किलो भरली. सगळे वजन आम्ही केसांत पाहत होतो.

रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या पुटकुळ्यांचे घोस. हा रोग जन्मापासूनचा. आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी पुरतो. पर्शियनांत तो इतका पसरलेला, की एके काळच्या पाहण्यांत तीनांत एक मांजर त्याचे निघे. त्याला कारण होणारे जनुक २००४ सालीच सापडले आहे आणि पिलांची पैदास करण्यापूर्वी ते तपासता येते. आमच्या कागदावर तीन पिढ्यांची नावे होती. मूत्रपिंडाविषयी अक्षर नव्हते. ज्याने तो कागद दिला, त्याचा राग मी बरेच दिवस केला. पण काखेतल्या गाठी त्याने केल्या नव्हत्या, आणि महिनाभर वजन घटत होते तेही त्याच्या घरी नव्हे.

घरी आणल्यावर तिला टॉवेलातून सोडले. आई जपमाळ घेऊन बसली होती. तिने सहा वर्षांत त्या मांजराला हात लावला नव्हता. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "केस काढले की माणूस एवढंसं होतं. आमची आजी अशीच दिसायची आलवणात. चौदाव्या वर्षी तिचं डोकं भादरलं. मरेपर्यंत पदर सरकला की दचकायची."

ही गोष्ट आईने आम्हांला पूर्वी कधी सांगितली नव्हती. त्या रात्री तिने आपली जुनी मऊ नऊवारी फाडून तिची घडी बेगमला घातली.

केस वाढायला पाच-सहा महिने लागले. बोटभर झाले तसे आईने माझ्या हातातून फणी काढून घेतली. "तू वरवर करतोस," म्हणाली. तिने तीन मुलींच्या वेण्या घातलेल्या आहेत. ती आधी बोटाने भांग पाडते, मुळाशी केस चिमटीत धरते म्हणजे ओढ बसत नाही, मग टोकाकडून सोडवत मुळाकडे येते; तो थर झाला की दुसरा भांग. जाणकार मंडळी पर्शियन मांजर विंचरण्याची नेमकी हीच रीत सांगतात. पोट आणि काखा आधी, पाठ शेवटी. दिवेलागणीच्या आत उरकायचे, कारण तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत. बेगम तिच्या पायांवर उताणी पडते आणि गुरगुरत नाही.

एक दिवसाआड संध्याकाळी मी मानेपाशी कातडीखाली सुई घालून सलाईन देतो; आई धरून बसते. मी दर रविवारी वजन करून वहीत लिहितो. आईला वही लागत नाही. परवा फणी फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, "कणा लागतोय रे हाताला." रविवारी काटा पाऊणशे ग्रॅम खाली आला होता.

फणीत निघालेले गुंतवळ ती बोटाला गुंडाळून, पूर्वी आपले ठेवी तसे, बिस्किटांच्या डब्यात ठेवते. सौ. म्हणाली, "अहो आई, हे कशाला साठवता? आता काय बोहारीण येणार आहे का?"

"राहू दे," आई म्हणाली, आणि डब्याचे झाकण लावून तिने बेगमला दुसऱ्या कुशीवर वळवले.