मारून मुटकून वैद्य?

‘आनंदी गोपाळ’ वाचून झाली की वाचकाच्या मनातून गोपाळराव काही केल्या हलत नाहीत. श्री. ज. जोशी यांची ही कादंबरी १९६८ची. तिच्यावर नाटक झालं, २०१९ मध्ये चित्रपट आला, पण या माणसाचं करायचं काय, हे अजून ठरत नाही. पोस्टातला बिजवर कारकून, नऊ वर्षांच्या आनंदीशी लग्न करतो ते तिला शिकवायचंच या हट्टानं. आणि मारतोही त्यापायीच. एरवी बायका स्वयंपाक बिघडला म्हणून मार खात. आनंदीनं अभ्यास सोडून स्वयंपाकात हात घातला म्हणून मार खाल्ल्याचं सांगतात.

हीच आनंदी पुढे डॉक्टर झाली, म्हणून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ ही म्हण इथे अंगावर येते.

याच नावानं हरि नारायण आपट्यांनी मोलिएरचं १६६६चं प्रहसन मराठीत आणलं होतं. मूळ नाटकात एक लाकूडतोड्या बायकोला बडवतो. सूड म्हणून ती परक्या माणसांना सांगते, की हा मोठा वैद्य आहे, पण चोप दिल्याशिवाय कबूल करत नाही. पुढे मार त्याला बसतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. त्याआधीचा एक छोटा प्रसंग मात्र विसरता येत नाही. भांडण सोडवायला शेजारी मध्ये पडतो, तर ती बाई त्याच्याच थोबाडीत देते. माझ्या नवऱ्यानं मला मारलं तर तुझं काय जातं, असा तिचा सवाल.

गोपाळरावांवर संतापणारा आजचा वाचक त्या शेजाऱ्यासारखाच आहे का? अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी सगळा हिशेब मांडला आहे: दहाव्या वर्षी लाकडाचा मार, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या नि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. हे वागणं चांगलं की वाईट? त्यांचं उत्तर, दोन्ही. त्या ते मनापासून लिहितात की नवऱ्याला जपून, हे शेजाऱ्यानं कसं ओळखायचं? आणि ओळखता येत नाही म्हणून त्यानं गप्प बसायचं?

शिवाय छडीनं त्यांना फार तर पुस्तकापर्यंत आणलं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये सेरामपूरच्या सभेत, स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं. फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय पदवीसाठी प्रबंधाचा विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. ही वाट कोणी मारून दाखवलेली नव्हती. पण मारामुळे अक्षर आलं नसतं, तर ती वाट दिसली तरी असती का? हा प्रश्न विचारणंसुद्धा वाचकाला लाजिरवाणं वाटतं, आणि तरी तो सुटत नाही.

कादंबरी वाचणाऱ्यांनी तिथेच थांबू नये. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, अंजली कीर्तने यांचं संशोधन आणि आनंदीबाईंची स्वतःची पत्रं, हे सारं जरूर वाचावं. त्यांना पदवी १८८६च्या मार्चमध्ये मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या पुण्यात वारल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.